सुपरहिरोंची गर्दी

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराला जन्मकथा दोन आहेत. पहिली भूशास्त्राची. आकाशातून एक अशनी प्रचंड वेगाने आला, दख्खनच्या काळ्या पाषाणावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. हे कधी घडलं यावर अजून वाद आहे. पन्नास हजार वर्षांपासून पावणेसहा लाख वर्षांपर्यंत अंदाज बांधले गेले आहेत. दुसरी कथा पुराणातली. लवणासुर जमिनीखालच्या बिळात दडून राहायचा. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं, असुराच्याच बहिणींना भुलवून बिळाचा पत्ता काढला, पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं आणि त्याचा वध केला. त्या दैत्यसूदनाचं देऊळ आजही लोणार गावात उभं आहे, आणि सरोवराचं पाणी आजही खारंच आहे.

आता समजा, लोणारची एक मुलगी संगणकासमोर बसून स्वतःचा सुपरहिरो घडवते आहे. खेळाचं नाव 'सिटी ऑफ हीरोज'. अमेरिकेतल्या क्रिप्टिक स्टुडिओजने तो बनवला आणि एनसीसॉफ्ट या कोरियन कंपनीने एप्रिल २००४ मध्ये बाजारात आणला. सुपरहिरोंवरचा, हजारो लोकांनी एकाच वेळी एकाच जगात खेळायचा हा पहिला मोठा खेळ. सुरुवातीलाच तो विचारतो, तुझ्या अंगात ही शक्ती आली कुठून? उत्तरं पाचच: विज्ञान, उत्परिवर्तन, तंत्रज्ञान, जादू, किंवा नुसती मेहनत. अशनीतल्या कुठल्याशा खनिजाने रक्त बदललं असं तिने ठरवलं तर विज्ञान. आपण लवणासुराच्या त्या फितूर बहिणींपैकी एकीच्या वंशातल्या, असं ठरवलं तर जादू. सरोवर एकच, पण खेळाच्या लेखी दोन वेगळ्या नायिका. पहिली कामगिरी कोण सोपवणार आणि शक्ती वाढवणारी कुठली साधनं अंगी लागणार, हे तेव्हा त्या उत्तरावर ठरायचं.

मग पोशाख. इथे लोक तासन्‌तास रमतात, आणि ते अगदी रास्त आहे. उंची, खांदे, जबडा, मुखवटा, झगा, बूट, पट्टा, प्रत्येकाचे नाना नमुने, वर रंगांची निवड. एका जगात एक नाव एकालाच मिळतं, त्यामुळे मनातलं नाव आधीच कोणी पळवलेलं असतं आणि पुन्हा डोकं खाजवावं लागतं. नंतर पोशाख बदलायचा तर शहरात शिंप्याचं रीतसर दुकान आहे. चौकात जमून पोशाखांच्या स्पर्धा भरवणं हा तर खेळाडूंनी स्वतःच सुरू केलेला कार्यक्रम. बक्षीस द्यायचं खेळातल्या चलनात. हे चलन म्हणजे रुपये-डॉलर नव्हेत. चांगली कामं करून शहरात जी पत कमावली, तीच दुकानात खर्चायची.

पोशाख चढवून आपली नायिका पॅरागॉन सिटी नावाच्या काल्पनिक शहरात उतरते. समोर नगरभवन, त्याच्यापुढे पृथ्वीगोल पेलून उभ्या असलेल्या अ‍ॅटलसचा टोलेजंग पुतळा, रस्त्यात कोणा बाईची पर्स ओढणारे गुंड. दोन ठोशांत गुंड आडवे होतात, बाई धावत येऊन आपल्या नायिकेचं नाव घेऊन आभार मानते. छाती फुगते. मान वळवून पाहावं तर तिथे आणखी साठ जण. कोणी आगीने वेढलेला, कोणी रोबो, कोणी सशाच्या कानांचा, आणि सगळेच शहर वाचवायला आलेले.

या खेळातली मोठी अडचण हीच, आणि हे प्रकरण तिच्याबद्दल आहे. सुपरहिरोची गोष्ट ही मुळात एकट्याची गोष्ट असते. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ घ्या, नाहीतर १९९७ पासून दूरदर्शनवर गाजलेला शक्तिमान घ्या. बाकीचे असहाय म्हणून तो नायक. त्याला सगळं येतं. म्हणूनच लोक त्याला हाक मारतात. ही गोष्ट हजार जणांना एकाच वेळी जगायला दिली, तर हाक मारणार कोण आणि कोणाला? प्रत्येकाला सगळंच येत असेल तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचंही कारण उरत नाही. मग हजार लोक एका जगात आणून फायदा काय? त्यांना आपापल्या घरी एकेकटे खेळू द्यावं.

बनवणाऱ्यांनी सुरुवातीला मोकळीक देऊन पाहिली होती. हव्या त्या शक्ती घ्या, हव्या तशा जोडा. खेळ बाजारात येण्याआधीच्या चाचण्यांत दिसलं की काही जणांनी निवडलेल्या शक्तींचा एकमेकींशी मेळच बसत नाही आणि बिचारे पहिल्याच गल्लीत मार खातात. उलट जे हुशार असतात ते असं मिश्रण जमवतात की त्यांना कोणाचीच गरज पडत नाही. ती रचना मोडली गेली. तिच्या जागी पाच जाती आल्या. टँकर (पाण्याचा नव्हे) मार झेलतो, पण त्याचा ठोसा त्या मानाने बेताचा. ब्लास्टर लांबून आग ओकतो, पण स्वतः काचेचा. स्क्रॅपर समोरासमोर भिडतो. डिफेंडर इतरांना बळ देतो, जखमा भरतो, शत्रूला दुबळं करतो. कंट्रोलर शत्रूला जागच्या जागी खिळवतो. प्रत्येकाला जे दिलं त्याहून जे काढून घेतलं ते अधिक विचारपूर्वक. या खेळाची कारागिरी उणिवा वाटण्यात आहे.

ही पद्धत आकाशातून पडली नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ आणला, त्यातच योद्धा, मांत्रिक, पुरोहित अशी कामांची वाटणी होती. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी तसं जग संगणकावर, नुसत्या मजकुरात उभं केलं आणि अनेकांना एकाच वेळी त्यात शिरू दिलं. पुढे चित्रं आली, इंटरनेट आलं. पण या खेळांत जादूगार, परी आणि बुटके यांचंच राज्य होतं, आणि तिथल्या मांत्रिकाने तलवार चालवता येत नाही म्हणून कुरकुर करायचं कारण नव्हतं. सुपरहिरोला मात्र अमुक एक जमत नाही हे सांगणं अवघड.

'सिटी ऑफ हीरोज'च्या बनवणाऱ्यांनी हे किती खुबीने केलं याचा नमुना म्हणजे टँकरांना मिळणारं दगडी कवच. बुलढाण्यातल्या माणसाला दगडाचं अप्रूप सांगायला नको; आपल्या नायिकेने तेच घेतलं असं धरू. बत्तीसाव्या पायरीला (लेव्हलला) या कवचाची शेवटची शक्ती हाती येते. ती चालू केली की नायिकेचं अख्खं शरीर ओबडधोबड शिळेचं होतं. जवळपास कसलाच मार तिला लागेनासा होतो. पण त्याच क्षणी तिची चाल मंदावते, ठोसा हलका पडतो, एकदा वापरलेली शक्ती पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागतो, आणि उडी? उडी मारताच येत नाही. शत्रूंच्या सैन्यात निवांत उभी राहणारी ही बाई फुटपाथची कड चढताना अडते. अशा वेळी गतिशक्तीवाला कोणी सोबती तिच्या अंगावर वेगाचा मंत्र टाकतो, तेव्हा तिचा गाडा हलतो. तो मंत्र दोन मिनिटांत उतरतो. त्यामुळे अख्ख्या मोहिमेत त्याला तिच्या आसपास राहावं लागतं आणि तिला त्याचं भान ठेवावं लागतं. अक्षरशः डोंगर झालेली टँकर सगळ्यांत कमी दणकट असलेल्या गड्यावर अवलंबून! खेळाच्या रचनाकारांना यासाठी एक दाद द्यायला हवी.

आता पडद्यामागे थोडं डोकावू. टँकर मार स्वतःकडे ओढतो म्हणजे नेमकं काय होतं? संगणकाने चालवलेल्या प्रत्येक शत्रूपाशी एक अदृश्य यादी असते. मला कोणी किती दुखावलं, कोण जवळ आहे, कोणी डिवचलं, याचे आकडे त्या यादीत सतत वरखाली होत असतात. ज्याचा आकडा मोठा, त्याच्यावर शत्रू धावून जातो. टँकरच्या ठोशाला आणि डिवचण्याला हा आकडा फुगवण्याचं खास वरदान आहे. म्हणून ब्लास्टरने खरी हानी जास्त केली तरी शत्रू टँकरलाच झोंबत राहतो. ब्लास्टरने मात्र घाई केली, टँकर पुढे जायच्या आत आग ओकली, तर यादीत त्याचंच नाव पहिलं चढतं आणि मग त्याची पळता भुई थोडी होते. नवख्या टोळीत पहिल्या दहा मिनिटांत हे हमखास घडतं आणि बोलण्याच्या खिडकीत भांडण जुंपतं. दोघे मावसभाऊ खेळत असतील, एक चिखलीत आणि एक पुण्यात, तर फोनवरचा संवाद असा असतो: "अबे, थांब ना! म्या आजून पोचलोच नाही." "मग लवकर चाल ना भाऊ!" "चालू कसा? दगड झालो ना म्या."

सुरुवातीच्या काळात टँकरांनी या यादीचा भलताच फायदा घेतला. इमारतभर धावून प्रत्येक शत्रूला डिवचायचं, सगळ्यांना मागे लावून एका कोपऱ्यात घ्यायचं आणि मग बाकीच्यांनी त्या गठ्ठ्यावर एकदम तुटून पडायचं. शंभर-शंभर शत्रू एका झटक्यात साफ. मजा आली, पण काही दिवसांनी टँकर सोडून बाकीचे नुसते शोभेला उरले. मग बनवणाऱ्यांनी मर्यादा घातली: एका नायकावर एका वेळी जास्तीत जास्त सतरा शत्रू धावतील. अठरावा येतो तो दुसऱ्या कोणाला तरी शोधतो. खूप आरडाओरडा झाला. माझ्या मते मर्यादा योग्यच होती. अठराव्या शत्रूमुळे बाकीच्या सात जणांना काम मिळालं. टोळी आठांचीच असते.

नेमाचंही तसंच. बरोबरीच्या शत्रूवर तुमचा वार लागायची शक्यता मुळात शंभरात पंचाहत्तर. शक्ती वाढवून ती पंचाण्णवपर्यंत नेता येते, त्यापुढे नाही. कितीही थोर नायक असला तरी वीसपैकी एक वार वाया जाणारच. आणि क्षुद्रातल्या क्षुद्र गुंडाचाही वीसपैकी एक वार लागणारच. आता गंमत अशी की शंभरात पंचाण्णवची खात्री असताना लागोपाठ दोन वार हुकले की माणूस चिडतो, संगणक लबाडी करतो म्हणतो. गणिताच्या दृष्टीने तसं अधूनमधून घडायलाच हवं, पण चिडलेल्या माणसाला संभाव्यतेचा धडा कोण देणार? म्हणून खेळात एक गुपचूप सोय ठेवलेली आहे. शक्यता नव्वदच्या वर असताना एक वार हुकला, तर पुढचा वार हमखास लागतो. माणसाच्या मनातला योगायोग आणि खरा योगायोग यांच्यात फरक आहे, हे ओळखून दिलेली ही लाच आहे.

हरलात तर मरण नाही. नायक अंतर्धान पावतो आणि रुग्णालयात उठून बसतो. पण डोक्यावर कर्ज चढलेलं असतं: पुढे जो अनुभव कमवाल त्यातला निम्मा कर्जफेडीला जातो. कर्जाचे विनोद करायला बुलढाणा ही जागा नव्हे, म्हणून एवढंच नोंदवतो की या कर्जाला व्याज नव्हतं आणि त्याला वरची मर्यादाही होती.

या साऱ्यांत मला सगळ्यांत शहाणी वाटलेली युक्ती सोबत्याची. असल्या प्रत्येक खेळात एक सामाजिक रोग असतो. पुण्याचा भाऊ सहा महिने आधी खेळायला लागला, तो चाळीसाव्या पायरीवर. चिखलीचा काल आला, तो पाचवीवर. दोघांनी मिळून खेळायचं तर मोठ्याच्या शत्रूची नुसती फुंकर लहान्याला पुरते, आणि लहान्याच्या गल्लीत मोठ्याला जांभया येतात. बाकीच्या खेळांत अशा मैत्र्या इथेच संपायच्या. 'सिटी ऑफ हीरोज'ने पहिल्या दिवसापासून त्याला उत्तर दिलं. मोठ्याने लहान्याला सोबती म्हणून घेतलं की जवळ असेपर्यंत लहान्याची ताकद मोठ्याच्या खालोखाल, एकच पायरी कमी, इतकी होते. शक्ती त्याच्या त्याच राहतात, थोड्याच असतात, पण त्यांचा मार मोठा होतो. पुढे उलटी सोयही आली: मोठ्याने खाली उतरून लहान्याच्या बरोबरीने खेळायचं. २००९ मध्ये तर हे सगळं आपोआप व्हायला लागलं, टोळीत शिरलं की सगळे म्होरक्याच्या पायरीच्या आसपास. बॅटमॅनबरोबर रॉबिन असतो ही कॉमिक्समधली साधी गोष्ट. तिच्यातून हा खेळ वयाचा आणि वेळेचा फरक मिटवायला शिकला.

कॉमिक्सवाल्यांना हे सगळंच कौतुकास्पद वाटलं असं नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये मार्व्हल कंपनीने एनसीसॉफ्ट आणि क्रिप्टिकवर दावा ठोकला. तक्रार अशी, की पोशाखाच्या त्या मोकळिकीमुळे खेळाडू हिरवा धिप्पाड हल्क बनवतात, पंज्यांचा वुल्व्हरीन बनवतात, आणि तशी साधनं पुरवणारा खेळही दोषी. प्रश्न गंभीर होता. पेन्सिल विकणाऱ्याला तिने काढलेल्या चित्राबद्दल जबाबदार धरायचं का? पण खटला वेगळ्याच कारणाने गाजला. पुरावा म्हणून सादर केलेल्या चित्रांतली काही पात्रं मार्व्हलच्याच माणसांनी खेळात जाऊन तयार केलेली निघाली. न्यायालयाने ते पुरावे काढून टाकले, काही दावेही फेटाळले. डिसेंबर २००५ मध्ये तडजोड झाली आणि पोशाखघर होतं तसंच राहिलं.

नियम आणि रीत यांच्या भांडणाचं याहून बोलकं उदाहरण न्यू ऑर्लिअन्सच्या लोयोला विद्यापीठातले प्राध्यापक डेव्हिड मायर्स यांनी घडवलं. खेळात एक रणभूमी होती, जिथे नायकांनी आणि खलनायकांनी एकमेकांशीच लढावं अशी रचना होती (खलनायक होण्याची सोय २००५ च्या 'सिटी ऑफ व्हिलन्स'ने दिली). प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे लोक तिथे निवांत गप्पा मारत उभे राहायचे. मायर्स यांनी ट्विक्स्ट नावाचा नायक घेतला आणि नियमात लिहिलं होतं तेच करायला लागले. खलनायक दिसला की त्याला लांबून ओढून पहाऱ्यावरच्या यंत्रांसमोर आणायचं. यंत्र त्याला क्षणात संपवतं. चाल पूर्ण कायदेशीर. लोकांनी आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, मग धमक्या. दुसऱ्या बाजूच्याच नव्हे, स्वतःच्या बाजूच्या लोकांनीही त्यांना वाळीत टाकलं. मायर्स यांचा निष्कर्ष असा, की लिहिलेल्या नियमांपेक्षा जमातीची रीत बलवान ठरते आणि ती मोडणाऱ्याला आभासी जगातही तशीच शिक्षा मिळते. मला हे अर्धंच पटतं. लोक 'नको' म्हणत असताना महिनोन्‌महिने तेच करत राहणारा माणूस प्रयोग करतो आहे की त्रास देतो आहे, हे समोरच्याला कळणार कसं? पण एवढं खरं, की गर्दीला लागणारा नायक आणि नियमपुस्तकातला नायक ही दोन वेगळी माणसं असतात.

काही खेळाडू तर लढाईच्या फंदातच पडत नाहीत. त्यांना भूमिका जगायची असते. आपल्याकडे बहुरूपी रायरंद दारात येतो, अंगावर फौजदाराचा वेश, आवाजात जरब; घरच्यांना तो कोण ते ठाऊक असतं, आपल्याला ओळखलंय हे त्यालाही ठाऊक असतं, तरी दोन्हीकडून संवाद रंगत जातो. खेळातल्या एका नृत्यगृहात रोज संध्याकाळी हेच चालतं. नायक आणि खलनायक दोघांनाही तिथे मज्जाव नाही आणि हाणामारीला परवानगी नाही. कोणी आपल्या भूतकाळाची कथा सांगतो, कोणी प्रेमभंगाची. पात्राच्या तोंडून बोलायचं, स्वतःचं काही बोलायचं तर ते कंसात टाकायचं, असा संकेत आहे. बाहेरच्याला हे खुळं वाटेल. रायरंदालाही अनेकांनी खुळाच म्हटलं होतं.

मोकळिकीचा प्रयोग क्रिप्टिकने पुन्हा एकदा केला. १९८१ च्या एका कागदी खेळावर बेतलेला त्यांचा 'चॅम्पियन्स ऑनलाइन' सप्टेंबर २००९ मध्ये आला. त्यात हवी ती शक्ती हवी तशी जोडता यायची. २०११ मध्ये तो फुकट झाला तेव्हा फुकट खेळणाऱ्यांना ठरीव साचे मिळाले आणि मोकळीक पैसे भरणाऱ्यांपुरती राहिली. त्याच वर्षी जानेवारीत 'डीसी युनिव्हर्स ऑनलाइन' आला. इथे सुपरमॅन, बॅटमॅन प्रत्यक्ष भेटतात, पण तुम्ही ते नसता; तुम्ही त्यांचे चेले. हजारो नायकांच्या गर्दीला तिथे कथेतच कारण दिलंय: भविष्यातून परतलेला लेक्स लूथर सूक्ष्म यंत्रं हवेत सोडतो आणि साध्यासुध्या माणसांत शक्ती येतात. तो खेळ अजून चालू आहे. मार्व्हलचा 'मार्व्हल हीरोज' मात्र २०१३ मध्ये आला आणि २०१७ मध्ये बंद पडला.

'सिटी ऑफ हीरोज'ही मेला होता. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी एनसीसॉफ्टने बातमी दिली आणि ३० नोव्हेंबरला जग बंद केलं. पुस्तक छापणं बंद झालं तरी घरातली प्रत राहते. इथे मागे काहीच उरत नाही, कारण शहर कंपनीच्या यंत्रांवर असतं आणि तुमच्या घरी फक्त त्याच्याकडे उघडणारी खिडकी. त्या मधल्या काळात हजारो खेळाडू मशाली हातात घेऊन अ‍ॅटलसच्या पुतळ्याखाली जमले. इतके, की एका चौकात सगळे मावेनात म्हणून खेळाला त्याच चौकाच्या एकामागून एक प्रती उघडाव्या लागल्या. कंपनीने ऐकलं नाही. एप्रिल २०१९ मध्ये गौप्यस्फोट झाला की काही जण सहा-सात वर्षं हा खेळ स्वतःच्या यंत्रांवर गुपचूप चालवत होते, निवडक लोकांसाठी. बाहेर राहिलेल्यांनी त्यांच्यावर इतका राग काढला की अखेर प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला झाला. त्यातून 'होमकमिंग' नावाची स्वयंसेवकांची टोळी उभी राहिली, आणि जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने तिला रीतसर परवाना दिला. आज खेळ फुकट आहे, देणग्यांवर चालतो. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. इथे पैसे लावायची भानगडच नाही.

राहता राहिला बुलढाण्यातून खेळण्याचा प्रश्न. जिल्ह्यात खेळ म्हणजे मोबाइलवरचा: शंभर जणांनी बेटावर उतरायचं, अर्ध्या तासात एक उरतो, पुन्हा पहिल्यापासून. 'सिटी ऑफ हीरोज'चं जग मात्र तुम्ही नसतानाही चालू असतं आणि त्याला संगणक लागतो. खेळ वीस वर्षांपूर्वीचा असल्याने आजचा साधा लॅपटॉपही पुरतो.

अंतराचं काय? तुम्ही कळ दाबली की तो निरोप मुंबईला जातो, तिथून समुद्राखालच्या तारेतून जर्मनीला किंवा उत्तर अमेरिकेला. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. जर्मनीपर्यंतचा तारेचा रस्ता दहा हजार किलोमीटर धरला तर जाऊन-येऊन एक दशांश सेकंद. मधली यंत्रं आपला वाटा घेतात तो वेगळा. उत्तर अमेरिकेला त्याच्या दीडपट-दुप्पट. नेम धरून गोळी मारायच्या खेळात एवढा उशीर म्हणजे हार. इथे मात्र शत्रूवर बोट ठेवून शक्ती निवडायची असते, वार लागला की नाही याचा फासा तिकडचं यंत्र टाकतं, आणि वापरलेली शक्ती पुन्हा सज्ज व्हायला काही सेकंद जातातच. त्यामुळे खामगावचा माणूस आणि शिकागोचा माणूस एका टोळीत सहज खपून जातात.

घड्याळ मात्र जुळत नाही. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा शेगावात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. अमेरिकनांची गर्दीची वेळ ही आपली काकड आरतीची वेळ. युरोपातल्या जगात खेळायचं तर रात्री साडेबारापर्यंत जागायची तयारी हवी.

आणि वीज. मोठ्या मोहिमा तासन्‌तास चालतात. त्यातल्या एका जुन्या मोहिमेची लांबी इतकी बदनाम झाली होती की शेवटी तिचे दोन तुकडे केले. मोहीम सुरू झाली की टोळीत नवा माणूस घेता येत नाही. जितके निघाले तितक्यांतच निभवायचं. अशात लाइट गेली तर नायिका काही क्षण जागच्या जागी खांबासारखी उभी राहते आणि मग दिसेनाशी होते. म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा, आणि निघण्याआधीच टोळीला सांगून ठेवावं की आमच्याकडे वीज जाते. मोहिमेतलं नाव त्यामुळे कटत नाही. तासाभराने वीज आली, पुन्हा आत शिरलं, की नाव यादीत असतंच; सात जण तोवर एक इमारत पुढे गेलेले असतात आणि टँकर नसल्याने जिन्यावर अडलेले असतात.